जमिनीवर थेंब नाही, तरी कूलंट संपतंय: जुन्या गाडीची गळती शोधताना

लक्षण असं होतं. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, रिझर्व्ह बाटली वरच्या खुणेपर्यंत भरायची, आठ-दहा दिवसांत पातळी खालच्या खुणेखाली. पुन्हा अर्धा लिटर ओतायचं, पुन्हा तेच. सकाळी गाडीखाली ओल नाही. रोजच्या जाण्यायेण्यात टेंपरेचरचा काटा मध्यावर. बॉनेट उघडलं तर सगळं कोरडं. फक्त आष्टा रोडवर उसाच्या ट्रॉल्यांमागे वीस-पंचवीस मिनिटं रखडलं की एक गोडसर, कढत वास आत यायचा आणि गाडी दारात लावेपर्यंत विरून जायचा.

गाडी २००४ सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, छोटी. अण्णांनी नवी घेतली होती, आता मी चालवते. सांगलीच्या विश्रामबागेतून निघायचं, आष्ट्याला शाळेत जायचं आणि संध्याकाळी परत, आठवड्याचे सहा दिवस. दीड वर्ष मी हे कूलंट ओतत राहिले. त्या काळात वेगवेगळ्या गॅरेजमध्ये दोनदा होज पाईप बदलून झाले, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे न सोडणारी झडप) ‘काय गरज नाही’ म्हणून काढून टाकला गेला, रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पावडर पडली. शेवटी जागा सापडली ती अर्ध्या तासात, आणि दुरुस्तीला कूलंट धरून हजार-बाराशे रुपये लागले. ज्यांची जुनी गाडी अशीच ‘पाणी पिते’ आहे त्यांचे तरी हे दीड वर्ष वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

थेंब का दिसत नाही

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. पेट्रोल जळतं, ऑईलही थोडंफार जळतं, पण कूलंट ‘खर्च’ होत नाही. पातळी एकदा थोडी खाली-वर होणं वेगळं. दर आठवड्याला अर्धा लिटर लागत असेल तर ते कुठूनतरी बाहेर जातंय, हे नक्की. ‘जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच’ हे मला तीन जणांनी सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. ते चूक आहे.

ही यंत्रणा म्हणजे घरातला कुकर समजा. रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. माझ्या गाडीच्या झाकणावर ०.९ आकडा आहे, म्हणजे ०.९ बार, साधारण १३ पीएसआय. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याहून वर. म्हणून इंजिन ९०-९५ अंशांवर निवांत चालू शकतं. कुकरची रिंग सैल झाली तर शिट्टी होत नाही, वाफ कडेने जात राहते आणि डाळ कच्ची राहते. इथेही तसंच. कुठूनही दाब निसटला की उकळबिंदू खाली येतो आणि चढावर, उन्हात गाडी उकळायला लागते.

आता मूळ मुद्दा. दाब कधी तयार होतो? इंजिन तापल्यावर. म्हणजे ज्या वेळी बारीक भोकातून कूलंट बाहेर ढकललं जातं, त्याच वेळी आजूबाजूचं लोखंड एवढं तापलेलं असतं की थेंब पडताक्षणी सुकतो. गाडी थंड झाली की दाब जातो, गळती थांबते. मग रात्री गाडीखाली कागद पसरून सकाळी काय दिसणार? मी महिनाभर रोज रात्री वर्तमानपत्र अंथरलं. त्यावर एसीच्या पाण्याचा डाग तेवढा मिळाला.

म्हणून अशी गळती शोधायचा एकच भरवशाचा रस्ता आहे: इंजिन पूर्ण थंड असताना बाहेरून दाब द्यायचा आणि बघत बसायचं. याला प्रेशर टेस्ट म्हणतात. गॅरेजमध्ये गेल्यावर पार्ट बदलण्याच्या आधी हीच मागा. मी ती मागितली नाही, कारण मला ती असते हेच माहीत नव्हतं.

गॅरेजला जाण्याआधी घरी काय बघायचं

सुरुवात झाकणापासून, पण गाडी थंड असतानाच. वरचा जाड होज पाईप मुठीत धरून बघायचा. तो कोमट असला किंवा दाबल्यावर कडक लागला तर झाकणाला हात लावायचा नाही. मी शाळेतून आल्यावर कधीच उघडत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते. गरम झाकण उघडलं की दाब सुटतो आणि आतलं कूलंट एका क्षणात उकळून तोंडावर येतं. भाजलेले हात मी पाहिले आहेत, हे घाबरवायला लिहीत नाही.

झाकण उलटं करून बघा. त्यात स्प्रिंगवरचा एक रबर असतो आणि मधोमध एक छोटी चकती असते. मोठा रबर दाब धरतो. छोटी चकती गाडी गार होताना उघडते आणि बाटलीत गेलेलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. रबर चिरला असेल, कडक झाला असेल किंवा त्यावर रेडिएटरच्या तोंडाची खोल गोल खूण उमटली असेल तर झाकण बदला. छोटी चकती चिकटली असेल तर वेगळीच गंमत होते: बाटली भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो, आणि सकाळी वरचा होज पाईप चपटा, आत ओढल्यासारखा दिसतो. बाटली भरलेली बघून आपण निश्चिंत राहतो आणि रेडिएटरमध्ये पाणी नसतं. म्हणून अधूनमधून थंड गाडीत झाकण काढून रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला आहे का तेही बघायचं. नवं झाकण घेताना आकडा जुन्यावरचाच हवा. ०.९ च्या जागी १.१ लावलं की वीस वर्षांच्या रबरी पाइपांवर उगाच जादा ताण येतो.

बाटलीवर मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर. रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागी बघायचं. तापलेल्या गाडीतली पातळी नेहमीच वर असते, त्यामुळे संध्याकाळच्या आकड्याला अर्थ नाही. ही साधी रेघ मला फार उपयोगी पडली. त्यातून कळलं की रविवारी गाडी उभी राहिली की पातळी तसूभरही हलत नाही, आणि ज्या दिवशी ट्रॉल्यांमागे रखडले त्या दिवशी दुप्पट उतरते. म्हणजे गळती तापल्यावरचीच आहे.

गाडीखाली काही पडत असेल तर ते नेमकं काय आहे हे ओळखायला शिका. डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी पडणारं स्वच्छ पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको. ऑईल तपकिरी-काळं. कूलंट हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळसर, बोटांत चोळलं की बुळबुळीत, वास गोड. चव मात्र चुकूनही बघू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोडसर असल्यामुळे गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलं तर त्यावर माती टाकून पुसून घ्या, भरपूर पाण्याने जागा धुवा. काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या.

मग कोरडे डाग शोधा. ओला थेंब सापडत नसला तरी कूलंट सुकल्यावर मागे काहीतरी ठेवून जातं: पांढरट, हिरवट किंवा विटकरी खपली, मिठागराच्या काठावर असते तशी. होज पाईप जिथे रेडिएटरला आणि इंजिनाला लागतो ती टोकं, क्लिपच्या कडा, ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला वर-खाली दाबून बसवलेल्या काळ्या प्लॅस्टिक टाक्यांचा जोड, वॉटर पंपच्या खालचं बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ दिसला तर पंप संपला. तो बुजवायचा नाही, बदलायचा. ज्या इंजिनात पंप टाईमिंग बेल्टवर फिरतो तिथे बेल्ट आणि पंप एकदमच करून घ्या, कारण मजुरी एकदाच पडते.

होज पाईप दाबून बघा. चांगला पाईप दाबला की परत उसळतो. फुगीर, मऊ पडलेला, किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारा पाईप गेला असं समजा. क्लिप मात्र जीव खाऊन आवळू नका. स्क्रूची क्लिप फार आवळली की तिची कड रबरात रुतते आणि तिथूनच चीर पडते. माझा एक पाईप दुसऱ्यांदा बदलावा लागला तो यामुळेच.

गाडीच्या आतही बघा. समोरच्या डाव्या सीटखालचं कार्पेट चिकट-ओलं लागत असेल, काचेवर आतून तेलकट धुकं येत असेल आणि पुसल्यावर फराटे उमटत असतील, तर डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

हेड गॅस्केटची भीती

‘पाणी कमी होतंय, खाली पडत नाही, म्हणजे हेड गेलं.’ हे वाक्य मला दोन ठिकाणी ऐकायला मिळालं आणि एका ठिकाणी तर खर्चाचा आकडाही कागदावर लिहून मिळाला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या डोक्यावरचं हेड यांच्यामधलं सील, फाटू शकतं, फाटलं तर कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळतं, हे सगळं खरं. पण इंजिन उघडण्याआधी त्याचा पुरावा मागता येतो.

थंड गाडी, रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला, झाकण काढलेलं. इंजिन सुरू करा आणि तोंडाशी बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणं ठीक. पण सतत, एका लयीत बुडबुडे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरातच, पाणी अजून थंड असताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तेही त्याचंच लक्षण. सायलेन्सरमधून पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोड वास असेल, तर संशय वाढतो. पहाटेच्या थंडीत सुरुवातीला येणारी वाफ यात धरू नका. ऑईलचं झाकण काढून बघा, आतून ताकासारखा पिवळट-पांढरा थर असेल तर डिपस्टिकही बघा. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल आणि फक्त झाकणालाच थोडा थर असेल, तर थंडीच्या दिवसांत छोट्या फेऱ्या मारल्याने आत साचलेलं दवही असू शकतं. डिपस्टिकवरही तेच ताक दिसलं तर गाडी चालवू नका, टोइंग करून न्या.

पक्की खात्री हवी असेल तर निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढायची. जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. माझ्या गाडीत ते निळंच राहिलं. हेड उघडायचं वाचलं ते त्या निळ्या रंगामुळे.

हळद

कूलंट प्रकरण सुरू असताना शाळेबाहेरच्या टेंपोवाल्या दादांनी मनापासून सल्ला दिला होता: “ताई, रेडिएटरमध्ये चमचाभर हळद घाला की. सांगलीत ऱ्हाताय आन् हळदीला तोटा व्हय?” हा उपाय इकडे जुन्या ड्रायव्हरांना सगळ्यांना माहीत आहे. तो का चालतो तेही कळतं. हळदीत स्टार्च असतो. गरम पाण्यात तो फुगतो, पिठल्यासारखा दाटतो आणि बारीक भोकात जाऊन बसतो. मध्यरात्री आडरानात गळती लागली आणि घर वीस किलोमीटरवर असेल, तर मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही.

पण भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे हळदीला कळत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्या आणि हीटरच्या तर त्याहून अरुंद नळ्या, तिथेही ती तशीच दाटते. बाजारातली गळती बुजवणारी पावडरही याच जातीची. माझ्या रेडिएटरमध्ये ती पडली त्यानंतर दोन महिन्यांत हीटर थंड हवा फेकायला लागला आणि उन्हाळ्यात काटा पहिल्यांदाच मध्याच्या वर सरकला. गळती मात्र तशीच. पुढे पाणी सोडून आतून धुतलं, म्हणजे फ्लश केलं, तेव्हा तळातून चिखलासारखा तपकिरी गाळ आला, वाटीभर. आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या रंगाला आणि गुणाला. ती रेडिएटरमध्ये वाया घालवू नका.

जागा सापडली ती दुपार

मिरज रोडला एक म्हातारे रेडिएटरवाले मामा आहेत. पितळी रेडिएटर झाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांच्याकडे रेडिएटर साफ करून घ्यायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रेडिएटर खोलूया नंतर. आधी हवा मारून बघू. गाडी सकाळी आणा, गार असताना. इथवर चालवत आणलीत तर दोन तास थांबावं लागेल, बसायची तयारी ठेवून या.”

त्यांच्याकडे विकतचा टेस्टर नव्हता. जुन्या रेडिएटर कॅपला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून बसवलेला होता, आणि हवा मारायला दाबाचं घड्याळ असलेला पायपंप. गाडी पूर्ण थंड झाल्यावर त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला, ती कॅप फिरवून बसवली आणि हळूहळू हवा मारली. काटा १३ वर आल्यावर थांबले. झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर कधीच जायचं नाही, नाहीतर चांगला पाईपही फुटतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग स्टूल ओढून बसले आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत काटा १३ वरून ११ वर. पिऊन झाला तेव्हा ९. म्हणजे गळती आहे, आणि इंजिन गार आहे, म्हणजे आता थेंब सुकणार नाही. आम्ही दोघं टॉर्च घेऊन वाकलो. पुढून सगळं कोरडं. पंप कोरडा, रेडिएटरचे जोड कोरडे, होज कोरडे. मामांनी दाढी करायचा छोटा आरसा काढला, त्याला वाकडी तार बांधलेली होती, आणि तो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या, बाजूला घातला.

तिथे बोटाएवढा जाड एक लोखंडी पाईप जातो, पंपापासून हीटरच्या दिशेने, ब्लॉकला चिकटून. वरून बघितलं तर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या खाली तो पूर्ण झाकला जातो. आरशात त्याची खालची बाजू दिसली. एका ठिकाणी पांढरट-विटकरी खपली, नखाएवढी, फोड आल्यासारखी. तिच्या मधोमध एक हिरवा ठिपका होता. आम्ही बघत असताना तो ठिपका फुगला, लांबट झाला, थरथरला आणि खाली सुटला. खाली वीतभर अंतरावर सायलेन्सरचा पाईप. त्याच्यावर त्या बरोबर जागी खाली ओघळलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, एकावर एक, दीड वर्षाच्या. मी गाडी चालवत असताना इथे पडलेला प्रत्येक थेंब चुरचुरून उडून जात होता. तोच तो ट्रॉल्यांमागचा वास.

मामा म्हणाले, “सापडला बघा चोर.”

तुमच्या गाडीत हा पाईप असेलच असं नाही. कुठे ब्लॉकच्या भोकांत ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या गंजतात, कुठे थर्मोस्टॅटच्या घराचं गॅस्केट बसतं, कुठे प्लॅस्टिकच्या टाकीला केसाएवढा तडा जातो. पण शोधायची रीत हीच. मोबाईलचा कॅमेरा मागे घालून व्हिडिओ काढला तरी आरशाचं काम होतं.

भोक पडलं कशामुळे

यात गॅरेजवाल्यांचा दोष नाही, हा घरचाच दोष आहे, आणि तो सांगितला पाहिजे. आमच्याकडे बोअर आहे. अण्णा वर्षानुवर्षं रेडिएटरला बोअरचंच पाणी घालायचे. “पाणी ते पाणी, त्यात काय एवढं,” असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या पिढीतल्या गाड्यांना ते चालूनही जायचं. आमच्या बाथरूममधल्या गिझरची कॉईल काढली तेव्हा तिच्यावर चुन्याचा जाड थर निघाला होता. तेच पाणी इंजिनात फिरत होतं. क्षार नळ्यांत बसतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, त्यामुळे लोखंडी पाईप आतून खात जातो. कूलंटचं अर्धं काम उकळबिंदू वाढवण्याचं, आणि आपल्याकडे त्याहून महत्त्वाचं काम गंज रोखण्याचं. आमच्या भागात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यांना हा पाईप दाखवला पाहिजे. मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, “दात किडावा तसा किडलाय गं.”

दुरुस्ती, आणि हवा काढणं

पाईप नवा मिळाला, त्याच्या पंपाकडच्या टोकाची रबरी रिंगही नवी टाकली. जुन्या पाईपला झाळ मारून चालेल का, असं मी विचारलं होतं. मामांनी नखाने शेजारची जागा खरवडली, तिथेही पत्रा पापुद्र्यासारखा निघाला. एक भोक दिसतं तेव्हा बाकीचा पाईपही त्याच वयाचा असतो. एपॉक्सीची पुटी लावून घरी पोचता येतं, महिने काढता येत नाहीत.

थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढून टाकल्याने गाडी गार राहते हा फार पसरलेला समज आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑईल घट्ट राहून झीज वाढते. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते, तिथे तो काढला की बरंच कूलंट रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते. नवा आणल्यावर पातेल्यात पाणी तापवून त्यात बुडवून बघा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

मग फ्लश. साध्या पाण्याने, उलट दिशेने, स्वच्छ येईपर्यंत. हीटरच्या दोन्ही नळ्या सोडवून वेगळं फ्लश केलं, त्यातून शेवटपर्यंत पिवळट कण येत राहिले. नवं कूलंट भरताना डब्यावरचं नीट वाचा. तयार मिश्रण असेल तर त्यात काही मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं ते. नळाचं, बोअरचं नको. दोन वेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका, आणि नुसत्या रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मनाने घालते, हिरवं सगळं सारखं नसतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते बघा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं, लांब पल्ल्याचं पाच वर्षांपर्यंत चालतं.

भरल्यावर हवा काढणं हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. हवा अडकली की काटा एकदम वर जातो, खाली येतो, हीटर गरम-थंड होत राहतो, आणि आपल्याला वाटतं दुरुस्ती फसली. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, हीटरचा दांडा पूर्ण गरमवर, झाकण उघडं, कूलंट सावकाश ओतलं. वरचा होज हाताने दाबत-सोडत राहिले, गुबगुब करत हवा येत राहिली. मग इंजिन सुरू करून रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवलं, पातळी उतरली तेवढी भरत गेले. झाकण लावलं. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा बघितलं, पाव लिटर कमी होतं, ते भरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा, तेव्हा कपभर. तिसऱ्या दिवशी काही लागलं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी उतरली तर लगेच घाबरू नका. त्यानंतर उतरली तर पुन्हा दाब देऊन बघा.

वाटेत काटा चढला तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात करा. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण तो छोटा रेडिएटर खरोखर उष्णता बाहेर काढतो. काटा तरीही लाल पट्ट्याकडे गेला तर ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ करू नका, कडेला घेऊन बंद करा. ॲल्युमिनियमचं हेड अशा पाच-दहा मिनिटांत वाकू शकतं. बॉनेट उघडा, झाकण उघडू नका, गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका. तासभर लागला तरी लागू द्या. रखडत्या गर्दीत तापते पण पळताना थंड होते, तर आधी रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज आणि स्विच बघा. पळताना, चढावर तापते, तर रेडिएटर तुंबलाय, कूलंट कमी आहे किंवा पंप नीट फिरवत नाहीये.

पाईप बदलल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही रत्नागिरीला गेलो होतो. येताना साखरप्याकडून आंबा घाट चढायचा होता, चार माणसं, मागे आंब्याच्या पेट्या, मे महिना. मी सगळा घाट एक डोळा काट्यावर ठेवून चढले. काटा मध्यावरच राहिला. दुसऱ्या सकाळी बाटली बघितली, पातळी निघतानाच्या रेघेवर. हीटर अजून पहिल्यासारखा गरम येत नाही, त्यात राहिलेला गाळ दिवाळीच्या सुट्टीत आणखी एकदा फ्लश करून काढायचा आहे, आणि तेव्हाच मागचे दोन हीटर होजही बदलून घेणार आहे.